पुढच्या फेरीला

कमाटीबागेतल्या झुकझुकगाडीच्या फाटकाशी एक माणूस उभा असायचा. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात एक सुती दोरी. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीतली रविवारची संध्याकाळ, म्हणजे अर्धं बडोदं बागेत. आजोबा माझं बोट धरून रांगेत उभे होते आणि तो माणूस एकेका मुलाच्या डोक्याला हलकेच हात लावून आत सोडत होता. तोंडाने आकडे म्हणत नव्हता, हातानेच मोजत होता. माझ्यापर्यंत आला आणि हात लावायच्या ऐवजी त्याने फाटकाला दोरी अडकवली. "बस. हवे बीजा फेरामां." म्हणजे बस, आता पुढच्या फेरीला.

मी भोकाड पसरलं. मला गाडीत जागा दिसत होती ना! शेवटच्या डब्यात एका बाकावर एकच मुलगा बसला होता, त्याच्या शेजारी मी सहज मावले असते. आजोबा त्या माणसाशी दोन शब्द बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले, पण ते काही बोलले नाहीत. गाडी सुटली, झाडांमागे गेली, शिट्टी देत परत आली. त्या सगळ्या वेळात त्या माणसाने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याची नजर गाडीबरोबर फिरत होती. गाडी थांबल्यावर मुलं उतरू लागली, तेव्हा त्याने पुन्हा एकेकाच्या डोक्याला हात लावला. शेवटचं पोर उतरल्यावर मगच दोरी सोडली.

ती गाडी मुळात राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी होती, नंतर ती बागेत आली. रूळ जेमतेम दहा इंच रुंदीचे. बाग त्याहून पुष्कळ जुनी, सयाजीरावांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी करवलेली. हे सगळं पुढे वाचून कळलं. लहानपणी मला त्या बागेतलं एकच ठाऊक होतं, तो दोरीवाला आपल्याला आत घेतो की नाही.

पुढे मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकल केलं आणि एका मनोरंजन पार्कात राइड विभागात नोकरीला लागले. त्याला आता वीस वर्षं होत आली. नातेवाइकांना अजूनही माझं काम नीट सांगता येत नाही. "ही पाळणे फिरवते," असं मावशी सगळ्यांना सांगते. पाळणा फिरवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम असतं माणसं चढवण्याचं आणि उतरवण्याचं.

आमच्या धंद्यात राइडबद्दल पहिला प्रश्न असतो, "ताशी किती?" उंची किती, वेग किती, हे जाहिरातीला लागतं. पार्क चालतं ते ताशी किती माणसं फिरून येतात यावर. हिशोब शाळेतल्या गणितासारखा आहे. समजा रोलर कोस्टरच्या एका गाडीत २४ जण बसतात. फेरी दीड मिनिटाची. उतरवून पुढचे बसवायला अडीच मिनिटं. म्हणजे एक चक्र चार मिनिटांचं, तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसं. आता दुसरी गाडी आणली. एक फिरत असताना दुसरी भरते. मग दर अडीच मिनिटांनी एक गाडी सुटते, २४ फेऱ्या, ५७६ माणसं. गाड्या दुप्पट झाल्या, माणसं दुप्पट झाली नाहीत, कारण आता सगळं अडतं ते फलाटावर. फेरी दीड मिनिटाची असो की एक मिनिटाची, काही फरक पडत नाही. फिरून आलेली गाडी ब्रेकवर उभी राहून वाट बघते. पण बसवायचा वेळ अडीचवरून दोन मिनिटांवर आणला, की ३० फेऱ्या, ७२० माणसं. अर्ध्या मिनिटात तासाला १४४ माणसं जास्त.

दोन गाड्या एकमेकींवर जाऊन आदळत कशा नाहीत, हे पाहुणे नेहमी विचारतात. रेल्वेसारखंच आहे ते. रुळाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडायचीच नाही, हे यंत्र स्वतः बघतं. यंत्राला कोणी "साहेब, एकदा सोडा ना" म्हणू शकत नाही. हे वाक्य मी लिहितेय तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बडोद्याच्या हरणी भागातला तलाव आहे. पण त्याकडे नंतर येते.

ते अर्धं मिनिट आणायचं कुठून, यात माझी पहिली पाच वर्षं गेली. पिशव्या ठेवायला लागणारा वेळ. चपला काढायला लागणारा वेळ. ओढणी. मोबाइल खिशात की हातात. मुलाची उंची खुर्चीपाशी येऊन मोजली आणि ते दोन बोटं कमी भरलं, की बाप हुज्जत घालणार, पोर रडणार, तेवीस माणसं बांधलेली बसून राहणार. म्हणून उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी हवी, जिथे नाही म्हटलं तर कोणाचा तास वाया जात नाही. फलाटावर येण्याआधी एक जण "तुम्ही किती?" विचारत हातानेच चौघांना या ओळीत, दोघांना त्या ओळीत लावतो. आपल्याकडे कुटुंब अकरा जणांचं असतं आणि अकराही जणांना शेजारी शेजारी बसायचं असतं. एका सुट्या माणसाला विचारावं लागतं, "भाई, एकटे बसाल का पुढे?" असे एकेकटे गोळा करून रिकाम्या जागा भरल्या तर ताशी तीस-चाळीस माणसं सहज वाढतात. हे सगळे मिनिटाचे तुकडे आम्ही वेचून वेचून काढले.

एक जागा अशी होती जिथून एक सेकंदही काढायचा नाही. मांडीवरचा बार.

बार खाली ओढला की आतून टक टक टक आवाज येतो, एकेक दात अडकल्याचा. लोकांना वाटतं आवाज आला म्हणजे झालं. नवीन पोरं बार दाबून बघतात. मी त्यांना सांगते, दाबून नाही, वर ओढून बघ. बार खाली जातो का हा प्रश्नच नाही, वर उचलतो का हा आहे. आणि एक बार दोघांच्या मांडीवरून जात असेल तर शेजारी कोण बसलंय ते बघ. बाप अंगाने भरलेला आणि शेजारी आठ वर्षांचं काटकुळं पोर, तर बार बापाच्या पोटावर अडकतो आणि पोराच्या मांडीवर वीतभर जागा सुटते. बार बंदच दिसतो. टक टक आवाजही येतो. बाप म्हणतो, माझं पोर माझ्याजवळच बसेल, मी धरीन त्याला. त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण तिथे हाताने धरून भागत नाही. अशा वेळी पोराला आईकडे, ताईकडे, अंगाने त्याच्या जवळपासच्या माणसाकडे बसवायचं. यात वीस सेकंद जातात आणि रांगेतून ओरडा होतो. जाऊ द्या वीस सेकंद. डावीकडून एकाने बघायचं, उजवीकडून दुसऱ्याने, दोघांनी अंगठा वर करायचा, मग दोघांनी दोन वेगळी बटणं एकदम दाबून धरायची. एकट्याच्या हाताने गाडी सुटतच नाही.

रांगेचं गणित माणसांनी आमच्या आधी करून ठेवलंय. डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन एक्सचेंजसाठी त्याची सुरुवात केली, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत जॉन लिटल यांनी एक इतका साधा नियम सिद्ध केला की तो मी आमच्या बारावी पास मुलांना पाच मिनिटांत शिकवते. रांगेत माणसं ९००, राइड घेते ताशी ६००, तर शेवटच्याला दीड तास. संपलं. रांगेच्या वळणांवर आम्ही खुणा करून ठेवतो, इथपर्यंत आली की अर्धा तास, तिथपर्यंत आली की तास, आणि फळ्यावर तेवढं लिहितो. पाच-दहा मिनिटं जास्तच लिहितो. तास लिहिलेल्या रांगेतून पन्नास मिनिटांत सुटलेला माणूस हसत चढतो. पन्नास लिहिलं आणि तास लागला, तर चढेपर्यंत त्याचं भांडण झालेलं असतं. माणसाला वाट बघण्याचा इतका त्रास होत नाही, किती वाट बघायची हे न कळण्याचा होतो. दवाखान्यात बसलेल्या कोणालाही विचारा.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी खोटी पासं घेऊन हजारो जास्तीची माणसं आत शिरली होती. नवं डांबर उन्हाने मऊ पडलं होतं, बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या. ज्यांनी गर्दी सांभाळण्याची विद्या जगाला शिकवली त्यांचाही पहिला दिवस असा गेला. पुढे चौदा वर्षांनी त्यांनीच भुताच्या वाड्याची राइड काढली, तिच्यातल्या खुर्च्या थांबतच नाहीत. माणसं सरकत्या पट्ट्यावर चालत चालत बसतात, चालत चालत उतरतात. फलाटावरचं थांबणंच काढून टाकलं, त्यामुळे तासाला दोन हजारांहून जास्त माणसं फिरतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नाही. इतकं सुंदर वाटलं ते मला. आणि मग लक्षात आलं, याचं रूप तर मी दरवर्षी बघते.

नवरात्रात नवलखीच्या मैदानावर गरबा बघा. हजारो माणसं, वर्तुळात वर्तुळ, सगळी एकाच दिशेला. शिट्टी मारणारा कोणी नाही, जमिनीवर बाण काढलेले नाहीत. आत शिरणारा बाहेरच्या वर्तुळाला कडेने लागतो, दोन फेऱ्या त्याचा वेग पकडतो, मग हळूहळू आत सरकतो. दमलेला तसाच कडेकडेने बाहेर निघतो. समोरासमोर कोणी येतच नाही. मी वीस वर्षं रांगा आखतेय, याहून चांगली व्यवस्था मला कागदावर काढता आलेली नाही. आम्ही दांडियाबाजारातली मराठी मंडळी गणपतीला मखर, आरती, मंत्रपुष्पांजली सगळं निगुतीने करतो, पण दर्शनाला मात्र समोरासमोर येऊन धडकतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळात मी हट्टाने एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर असं करायला लावलं. प्रसाद बाहेरच्या दाराशी ठेवला, मूर्तीपाशी नाही. तेवढ्याने मांडवात श्वास घ्यायला जागा झाली.

श्वासाचं मी असंच बोलत नाही.

एका दिवाळीनंतरची गोष्ट. गुजरातीत नवं वर्ष लागल्यापासून लाभपाचमेपर्यंत सगळी दुकानं बंद, सगळं गाव फिरायला. दुपारी तीनच्या सुमारास आमची पाण्याची राइड थांबली. एका सेन्सरची कटकट होती. वरून सांगण्यात आलं, "पाच मिनिटं सांगा." आम्ही भोंग्यावर पाच मिनिटं सांगितलं. मग पुन्हा पाच मिनिटं. चारदा. खरं सांगितलं असतं, अर्धा तास लागेल, तर निम्मी माणसं निघून गेली असती. पाच मिनिटांसाठी कोण रांग सोडणार? आणि रांगेच्या तोंडाशी जो मुलगा होता त्याला राइड थांबल्याचं कोणी कळवलंच नव्हतं. तो बिचारा आत सोडतच होता.

मी फलाटावरून बघत होते. शेवटच्या वळणावर डोकी वेगळी वेगळी हलायची थांबली. उभ्या पिकावरून वारा जावा तशी सगळी एकदम डावीकडे गेली, एकदम उजवीकडे आली. कठड्याला लागून पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी होती, हनुवटी वर केलेली, तोंड उघडं. ती रडत नव्हती. तिची आई तिच्या मागेच होती आणि तिला हात वर काढता येत नव्हते. मी ओरडले, "मागे सरका, मागे सरका!" पुढच्यांना ऐकू येत होतं पण सरकता येत नव्हतं. मागच्यांना सरकता आलं असतं पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की पुढे काहीतरी हलतंय, म्हणजे रांग चालू झाली.

आमच्याकडे पादरा गावचे एक वयस्क ऑपरेटर होते. ते माझ्याकडे न येता उलट्या बाजूला पळाले. मला वाटलं, घाबरले. ते रांगेच्या तोंडाशी गेले, स्वतः आडवे उभे राहिले, मग मागच्या लोकांना मोठ्याने सांगितलं की राइड आज बंद, तिकडच्या झुल्यावर जा. मागची माणसं वळली. मग मधलं फाटक उघडलं. पुढचा दाब बर्फ विरघळावा तसा कमी झाला. मी त्या मुलीला कठड्यावरून उचलून घेतलं. तिच्या गालावर लोखंडी नळीचा लाल पट्टा उठला होता. तिला पाणी दिलं, तिने ते गटागटा प्यायलं आणि विचारलं, "आता आमचा नंबर का?"

दाब मागून येतो. तो मागेच थांबवावा लागतो, पुढे ओरडून काही होत नाही. हे मला पुस्तकाने नाही, त्या काकांनी शिकवलं. नंतर मी पुस्तकंही वाचली. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर माणूस आपल्या मर्जीने चालतो. चार-पाच झाली की सावध व्हायचं. सहा-सातच्या पुढे माणूस चालत नाही, वाहतो. तिथे धावपळ नसते, पळायला जागाच नसते. माणसं बहुतेक वेळा पायाखाली येऊन जात नाहीत. उभ्या उभ्या छाती फुगवता येत नाही म्हणून जातात. २००५ चं मांढरदेवी आपल्याला आठवतं, २९ सप्टेंबर २०१७ चा मुंबईचा तो रेल्वे पूल आठवतो, जिथे २३ माणसं गेली. त्याच वर्षी २३ जानेवारीला इथे बडोदा स्टेशनवर एक नट गाडीने येणार म्हणून लोक जमले आणि एक माणूस घरी परतला नाही. दर वेळी आपण म्हणतो, गर्दीने घात केला. चेंगराचेंगरी हा शब्दही असा आहे, जणू लोकांनी एकमेकांना चेंगरलं. माझा या शब्दावर फार राग आहे. त्या दिवशी त्या रांगेतल्या एकाही माणसाने कोणाला ढकललं नव्हतं. दरवाजा उघडा आमच्या माणसांनी ठेवला होता, आणि पाच मिनिटं मी सांगितली होती.

आता हरणी.

१८ जानेवारी २०२४, गुरुवार. उत्तरायण होऊन चार दिवस झालेले, तारांवर पतंग अजून लटकत होते. एका शाळेची सहल हरणीच्या तलावावर आली होती. होडी चौदा जणांची. बसवले त्याहून कितीतरी जास्त, आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. होडी उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. संध्याकाळी आमच्या गल्लीत कोणाच्याही घरातून टीव्हीशिवाय आवाज येत नव्हता.

मी त्या रात्री आईजवळ बसले होते. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सूरसागर."

१९९३ चा ऑगस्ट. मी बारा वर्षांची. सूरसागर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, तेव्हा मधोमध महादेवाची मूर्ती नव्हती, नुसतं पाणी होतं आणि पाण्यात होड्या. त्या होडीतही जास्त माणसं भरली होती. २२ जण बुडाले. कित्येक दिवस आम्हा मुलांना तलावाच्या कठड्याशी जाऊ देत नव्हते. आईने तेव्हा मला जवळ ओढून धरलं होतं ते मला आठवतं, तिच्या पदराला फोडणीचा वास होता. आणि तीस वर्षांनी त्याच गावात, चार-पाच किलोमीटरवर, पुन्हा तेच.

मी राइडवाली बाई. मला ती होडी यंत्रासारखीच दिसते. रोलर कोस्टरमध्ये पंचविसावा माणूस बसूच शकत नाही, खुर्चीच नसते त्याला. होडीत बाक असतो. बाकावर चौघं बसतात, मुलं असली तर सहा बसतात, सरकून घेतलं तर आठ. प्रत्येक वेळी मावतात. होडी नको म्हणत नाही. ती फक्त थोडी थोडी खाली बसते, काठ आणि पाणी यांच्यातलं अंतर वीतभराचं चार बोटं होतं, आणि मग मुलांना एका बाजूला काहीतरी दिसतं, सगळी तिकडे झुकतात. चौदा हा आकडा कोणीतरी बसून काढलेला असतो, त्या झुकण्याचाही हिशोब धरून. जागा दिसते म्हणून ती जागा रिकामी नसते. शेवटच्या डब्यातली ती जागा मला दिसली होती ना, तीसुद्धा कशासाठी तरी सोडलेली असेल.

हरणीच्याच वर्षी मे महिन्यात राजकोटला गेमझोन जळलं, सत्तावीस माणसं गेली. त्याआधी २०१९ च्या जुलैत अहमदाबादला कांकरियाचा झुला तुटून दोन. दर वेळी कोणीतरी पकडलं जातं, सगळीकडे तपासणी होते, काही महिने पार्कं बंद राहतात. तपासणी हवीच. मी स्वतः दर सकाळी राइड उघडण्याआधी बोल्टांवरून हात फिरवते. पण लोखंडाची तपासणी होते तशी फाटकावरच्या माणसाची कोण करतं? तो बहुतेक रोजंदारीवर असतो, वय वीस-बावीस. समोर पैसे मोजलेले बाप उभे असतात, मागे मालक उभा असतो, आणि त्याने "बस" म्हणायचं असतं. तो बस म्हणाला तर त्याची बाजू कोण घेणार, हे आधी ठरलेलं असेल तरच तो म्हणतो. मी माझ्या मुलांना कामावर घेताना एक गोष्ट लिहून देते आणि खाली सही करते. तुम्ही फेरी थांबवलीत तर का थांबवली हे त्या दिवशी कोणी विचारणार नाही, मीसुद्धा नाही. एकदा एकाने एका पाहुण्याच्या आवाजाला घाबरून विनाकारण वीस मिनिटं राइड बंद ठेवली. नुकसान झालं. मी त्याला चहा पाजला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली, पाचवीची सहल. पाणी नाही, होड्या नाहीत, फक्त बाग आणि लहान झुले. मी वर्गशिक्षिकांना फोन केला. मुलं किती, मोठी माणसं किती, एका झुल्यावर एका वेळी किती जणांना सोडणार, मोजणार कोण. त्या आधी जरा दुखावल्या. मला कळलं ते, मीही दुखावले असते. हरणीनंतर सहलीला नेणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेच्या छातीवर केवढा दगड असेल. संध्याकाळी त्या स्वतःच घरी आल्या. "ताई, मला कागदावर करून द्या ना," म्हणाल्या. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. मुलं ४६. दहा-बारा मुलांचे चार गट, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस आणि एक रंगाची रिबीन. झुल्यावर गट अर्धा चढणार, अर्धा खाली थांबणार, चढलेले उतरेपर्यंत मोठ्या माणसाने जागा सोडायची नाही, फोन घ्यायचा नाही. मोजणी चढताना आणि उतरताना, आणि मोजताना डोक्याला हात लावायचा. "नुसतं बघून मोजलं की मुलं हलतात," मी म्हटलं, "हात लावला की क्षणभर थांबतात." कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "तुम्ही येता का बरोबर?"

गेले. दिवस छान गेला, ऊन कोवळं होतं, मुलांनी ढोकळा आणि तिखट पुऱ्या एकमेकांच्या डब्यांतून खाल्ल्या. झुल्यावरचा मुलगा प्रत्येक वेळी सहाच मुलं घेत होता. दोन मुली हातात हात धरून, "भैया, आम्ही एकाच सीटवर बसू," म्हणत होत्या. त्याने मान हलवली. मी लांबून बघत होते, मधे पडले नाही.

बस शाळेच्या फाटकाशी आली तेव्हा साडेसहा झाले होते, दिवे लागले होते. बाहेर स्कूटरी उभ्या, आया हाका मारतायत, बाबा काचेवर बोटं वाजवतायत. कोणीतरी ओरडलं, मागचं दार पण उघडा, उशीर होतोय. मी मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. मॅडम पुढच्या दाराच्या पायरीखाली उभ्या होत्या, कागद हातात नव्हता, त्यांना तो लागतच नव्हता. एकेकाच्या डोक्याला हात लावत होत्या, ओठ हलत होते. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. मग दारात कोणीच येईना. बाहेरचा गलबला मला ऐकू येईनासा झाला. मॅडमनी वर माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिसऱ्या सीटखालून एक डोकं वर आलं, हातात सुटलेला बूट, केस विस्कटलेले, आणि ते पोर लंगडत लंगडत पुढे गेलं.

"सेहेचाळीस," मॅडम मोठ्याने म्हणाल्या.